अल्टिमेटची तबकडी : उड्डाणगुणांची चाचणी

अल्टिमेट हा प्रत्येकी सात खेळाडूंच्या दोन संघांत, तबकडीच्या साहाय्याने खेळला जाणारा मैदानी खेळ आहे. १९६८ मध्ये न्यू जर्सीतील मेपलवूड येथील कोलंबिया हायस्कूलमध्ये त्याचा उगम झाला. खेळाडूंचे हात वर्षानुवर्षे एकाच प्रकारच्या उड्डाणाला सरावलेले असतात. तबकडी बदलली की नेम बदलतो. म्हणूनच तिच्या उड्डाणगुणांची चाचणी महत्त्वाची ठरते.

मानक तबकडी
मिशिगनमधील डिस्क्राफ्ट कंपनीची 'अल्ट्रा-स्टार' ही तबकडी १९९१ पासून अमेरिकेतील राष्ट्रीय स्पर्धांत अधिकृत मानली गेली. तिचे वजन १७५ ग्रॅम आणि व्यास सुमारे २७ सेंटिमीटर आहे. पुढे इतर उत्पादकांच्या तबकड्यांनाही मान्यता मिळाली. तरी तुलनेचा मापदंड बव्हंशी हीच तबकडी राहिली.

उड्डाणाचे शास्त्र
तबकडीला हवेचा आधार मिळतो तो तिच्या फुगीर आकारामुळे आणि हवेशी होणाऱ्या कोनामुळे. स्थैर्य मिळते ते फिरकीमुळे. जाड काठात वस्तुमान एकवटल्याने ती भोवऱ्याप्रमाणे आपला अक्ष राखते. मात्र हवेचा दाब नेमका मध्यावर पडत नाही. पुढची कड उचलू पाहणारा हा जोर फिरकीमुळे बाजूच्या कलात रूपांतरित होतो. म्हणूनच उजव्या हाताने बॅकहँड फेकलेली तबकडी वेग मंदावताच डावीकडे झुकते. हा झुकाव केव्हा आणि किती येतो, यावरून तबकडीचा स्वभाव कळतो.

चाचणीच्या पद्धती
प्रयोगशाळेत वायुबोगद्यात तबकडी फिरवून तिच्यावरील बले मोजली जातात. मँचेस्टर विद्यापीठातील पॉट्स आणि क्राउदर यांनी २००२ मध्ये अशी मोजमापे मांडली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत सारा हमेल यांनी २००३ च्या प्रबंधात उड्डाणाचे संगणकीय प्रारूप तयार केले. राल्फ लोरेन्झ यांनी तर तबकडीवरच संवेदक बसवून प्रत्यक्ष उड्डाणाच्या नोंदी घेतल्या.

मैदानावरील चाचणी साधी, पण काटेकोर असावी लागते. ती शक्यतो वारा पडलेला असताना घ्यावी. तसे न जमल्यास दोन्ही दिशांनी सारख्याच फेकी कराव्यात. नवी आणि मानक तबकडी आलटून पालटून, अनेक हातांनी, बॅकहँड व फोरहँड अशा दोन्ही प्रकारे फेकावी. अंतर, हवेतील वेळ आणि झुकाव यांची नोंद ठेवावी. एकट्या खेळाडूच्या मतावर विसंबू नये, कारण सराईत हात तबकडीतील दोष नकळत सावरून घेतो.