अनुपलब्धि आणि मीरतच्या खटल्याचीं कागदपत्रें

“अमुक कागद उपलब्ध नाहीं” हें वाक्य इतिहासलेखनांत वारंवार येतें. तें लिहिण्याचा अधिकार केव्हां प्राप्त होतो, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. निमित्त आमच्याच एका चुकीचें घडलें.

मुंबईच्या कामकरी शेतकरी पक्षाविषयीं एक टिपण आम्ही तयार करीत होतों. हा पक्ष 1927 सालचा. त्याच सालीं त्याचें ‘क्रांति’ हें मराठी साप्ताहिक निघूं लागलें. पुढें 1928 च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या कापडगिरण्यांत मोठा संप झाला व त्या धामधुमींत लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उदयास आली. 20 मार्च 1929 रोजीं सरकारनें ठिकठिकाणीं धरपकड करून मीरत येथें कटाचा खटला उभा केला. डांगे, घाटे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर, अधिकारी हीं नांवें आरोपींच्या यादींत ठळक दिसतात. त्यांजबरोबर आळवे व कासले हे प्रत्यक्ष गिरणींत राबलेले कामगारही होते. 16 जानेवारी 1933 रोजीं 27 जणांस शिक्षा झाल्या. त्याच वर्षीं ऑगस्टांत अलाहाबादच्या हायकोर्टानें त्या पुष्कळ कमी केल्या.

एवढ्या चळवळीचें मराठी लिखाण कोठें तरी असलेंच पाहिजे, या समजुतीनें आम्हीं संगणकावरील एका संग्रहांत ‘शेतकऱ्यांचा’ हा शब्द शोधावयास घातला. उत्तर शून्य आलें. ‘कामकऱ्यांचा’ घातला, तेंच. तेव्हां पक्षाचें मूळ मराठी लिखाण या संग्रहांत नाहीं, असें आम्हीं टिपणांत लिहून टाकिलें. सुदैवानें तें छापखान्याकडे जाण्यापूर्वीं एका तरुण स्नेह्यानें तोच शब्द निराळ्या रीतीनें टंकून पाहिला, आणि एक हस्तपत्रक पुढें आलें.

याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. ‘ऱ्या’ हें अक्षर संगणकांत दोन प्रकारें साठवितां येतें. एकांत ‘ऱ’ हा स्वतंत्र वर्ण घेऊन त्यास ‘य’ जोडतात. दुसऱ्यांत साधा ‘र’ घेऊन त्याच्या हलन्तापुढें एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. डोळ्यांस दोन्ही रूपें एकच. परंतु हीं रूपें आधीं एकवट करून ठेविलीं नसतील, तर यंत्राच्या लेखीं ते दोन निराळे शब्द होत. अनुस्वाराचीही तीच गोष्ट. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962 च्या नियमांनीं व्युत्पत्तिसिद्ध अनुस्वार गळाले. ‘मजुरांचे’ असा आजचा शब्द घालणारास त्या काळच्या पत्रकांतील ‘मजुरांचें’ हाताशीं येईलच असें नाहीं. शिवाय जुनाट कागदावरचा पुसट ठसा यंत्रानें चुकीचा वाचिला असेल, तर शब्द बरोबर घालूनही उपयोग होत नाहीं. आणि हस्तलिखिताचें केवळ छायाचित्रच असेल, तर तेथें शोधण्याजोगें अक्षरच नसतें. मोडी दप्तरांशीं परिचय असलेल्या वाचकांस हें अधिक सांगणें नलगे.

परंतु मीरतच्या कागदांत याहून खोल अडचण आहे. मुंबईंतील मराठी लेख व भाषणें फिर्यादीपक्षानें पुरावा म्हणून दाखल केलीं, तीं इंग्रजी भाषांतरांसह. ज्यांस शिक्षा व्हावी म्हणून हे शब्द गोळा केले, त्यांचे शब्द अशा रीतीनें फिर्यादीच्याच दप्तरांत टिकले, आणि पुष्कळदां परक्या भाषेंत! मराठी शब्द घालून ते सांपडणार कसे? नांवांचीही तीच दशा. रोमन लिपींत ‘ळ’ व ‘ल’ एक होतात, ‘ट’ व ‘त’ एक होतात, आणि ‘व’ साठीं दोन अक्षरांपैकीं कोणतेंही येतें. खटला चालू असतांनाच निधन पावलेले पुण्याचे वृद्ध कार्यकर्ते ठेंगडी यांचें नांव एका जागीं मधल्या स्वरासह, तर दुसऱ्या जागीं त्यावांचून लिहिलें जाऊं शकतें. पुढाऱ्यांच्या नांवास निदान इतर ग्रंथांचा आधार असतो. सभेंत दोन वाक्यें बोलून गेलेल्या गिरणीकामगारास तो नाहीं. त्याचें नांव शोधांत चुकलें कीं तो इतिहासांतून दुसऱ्यांदां नाहींसा होतो.

भाट्ट मीमांसकांनीं अनुपलब्धि हें सहावें प्रमाण मानिलें आहे. परंतु भूतलावर घट नाहीं हें ज्ञान तेव्हांच यथार्थ, जेव्हां घट असता तर तो दिसलाच असता. अंधारांत घट न दिसणें हें घटाच्या अभावाचें प्रमाण नव्हे. संगणकाचें शून्य हें बहुधा अंधारांतलें शून्य असतें. त्यास योग्यानुपलब्धीची पदवी द्यावयाची तर आधीं दिवा लाविला पाहिजे.

तो दिवा म्हणजे पोथीसंपादनांतील आपली जुनीच शिस्त होय. पाठभेद नोंदविल्यावांचून आपण पाठ ठरवीत नाहीं. तसेंच शोधापूर्वीं प्रत्येक नांवाचीं दोन्ही लिप्यांतील संभाव्य रूपें एका तक्त्यांत मांडावीं. शब्दानें न सांपडलें तर तारखेनें, स्थळानें व पुराव्याच्या क्रमांकानें पाहावें. तेवढ्यानेंही न भागल्यास 1928 च्या संपाच्या महिन्यांचे कागद पानोपान चाळावे. आणि अखेर “नाहीं” असें लिहावयाची वेळ आली, तर कोणता संग्रह, कोणत्या दिवशीं, कोणकोणत्या रूपांनीं शोधिला, हें त्या वाक्याशेजारींच नमूद करावें. म्हणजे पुढील संशोधकास आपली चूक निदान पकडतां येईल.

आमचें तें वाक्य आम्हीं खोडलें आहे. ज्या संग्राहकांजवळ ‘क्रांति’चे सुटे अंक, संपाचीं हस्तपत्रकें अथवा युनियनच्या वर्गणीच्या पावत्या असतील, त्यांनीं त्यांचीं छायाचित्रें घेऊन ठेवावीं, परंतु तेवढ्यावर न थांबतां त्यांतील प्रत्येक नांव मूळ लेखनाप्रमाणें व आजच्या लेखनाप्रमाणें, अशा दोन्ही रूपांनीं यादींत उतरावें, अशी आमची विनंति आहे. यादीवांचून छायाचित्र म्हणजे कुलुप लाविलेली पेटीच होय.