परिमाणवाचक पदे आणि क्रियापदाचा अन्वय : जबलपूरच्या एका व्याकरणाच्या निमित्ताने

काशीच्या नागरीप्रचारिणी सभेने १९२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘हिंदी व्याकरण’ या ग्रंथाचे कर्ते पंडित कामताप्रसाद गुरू (१८७५–१९४७) हे जन्माने सागरचे, तर कर्माने जबलपूरचे. या ग्रंथासाठी आपण मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’चे (१९११) साहाय्य घेतल्याचे त्यांनी भूमिकेत नमूद केले आहे. ग्रंथाची मांडणी बव्हंशी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर असल्याचेही त्यांनी मान्य केले आहे. इंग्रजी साचा, मराठी आदर्श आणि हिंदी सामग्री यांचा हा संगम जबलपुरात घडावा, हा निव्वळ योगायोग म्हणता येत नाही. १८६१ मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांतात मराठी व हिंदी शाळा एकाच शिक्षणखात्याच्या छत्राखाली होत्या आणि दोन्ही भाषांतील विद्यार्थ्यांपुढे इंग्रजी व्याकरण हाच मानदंड म्हणून ठेवला जात असे. हा मानदंड कोठे अपुरा पडतो, याचे एक उत्तम उदाहरण म्हणजे परिमाणवाचक पदांशी होणारा क्रियापदाचा अन्वय.

इंग्रजीत हा प्रश्न पूर्वीपासून वादग्रस्त आहे. लिंडले मरे याने १७९५ च्या आपल्या व्याकरणात समूहवाचक नामाबरोबर क्रियापद एकवचनी अथवा अनेकवचनी असू शकते, मात्र एकत्वाची कल्पना अभिप्रेत आहे की अनेकत्वाची हे पाहावे, असा नियम दिला. ‘द नंबर ऑफ बॉइज’ला एकवचनी क्रियापद, तर ‘अ नंबर ऑफ बॉइज’ला अनेकवचनी, ‘टेन रुपीज’ ही एक रक्कम मानली की एकवचनी. या अडचणीचे मूळ ‘ऑफ’ या शब्दयोजनेत आहे. परिमाणवाचक नाम व्याकरणदृष्ट्या मुख्य ठरते आणि ज्याचे परिमाण सांगायचे ते गौण ठरते. अर्थ मात्र पुष्कळदा गौण पदाकडे ओढ घेतो. रूप आणि अर्थ यांच्या या ओढाताणीत क्रियापद सापडते.

मराठीची रचना मुळातच निराळी आहे. ‘पाच शेर कापूस आला’, ‘पाच शेर साखर आली’, ‘पाच शेर दूध आले’ या तिन्ही वाक्यांत परिमाण तेच असून क्रियापदाचे रूप तीनदा पालटले आहे. ‘पाच शेर’ हे पद येथे विशेषणवत् आहे. क्रियापदाचे लिंग व वचन पदार्थाच्या नामावरून ठरते. हिंदीतही ‘पाँच सेर चीनी आई’, ‘पाँच सेर दूध आया’ असेच होते. इंग्रजीत ज्या दोन अर्थांचा भेद उपपदावर अवलंबून असतो, तो मराठी विभक्तीने दाखविते. ‘मुलांची संख्या वाढली’ येथे संख्या हा कर्ता आहे. ‘मोठ्या संख्येने मुले आली’ येथे संख्या तृतीयेत जाऊन मुलांना कर्तृपद मोकळे करून देते. संशयाला जागाच उरत नाही. ‘बरीच मंडळी जमली’ यात माणसे अनेक असूनही क्रियापद निःशंकपणे एकवचनीच राहते.

याहून महत्त्वाचा मुद्दा कर्मणी प्रयोगाचा आहे. ‘मुलाने दोन वाट्या आमटी प्यायली’ या वाक्यात क्रियापद मुलाकडे पाहत नाही, वाट्यांकडेही पाहत नाही. ते आमटीकडे पाहते. अशा वाक्याला ‘कर्त्याप्रमाणे क्रियापद’ हा इंग्रजी नियम लावता येत नाही. तो लावण्याचा आग्रह धरल्यास भाषाच अपवादांनी भरलेली दिसू लागते. वस्तुतः दोष भाषेत नसून नियमात असतो.

हे ध्यानात घेतले म्हणजे गुरूंच्या वाक्यविन्यासातील एका प्रकरणाच्या शीर्षकाचे मोल कळते. तेथे उद्देश्य, कर्म आणि क्रिया यांच्या अन्वयाचा एकत्र विचार आहे. साचा इंग्रजी असला तरी अन्वयाच्या दालनात कर्माला उद्देश्याच्या बरोबरीचे आसन मिळाले. कर्तरी, कर्मणी व भावे या प्रयोगांचा सूक्ष्म ऊहापोह करणारा दामल्यांचा ग्रंथ समोर असताना हे घडले, हे विसरता येत नाही. केशवसुतांचे हे धाकटे बंधू १९१३ मध्ये निवर्तले. आपल्या ग्रंथाला शेजारच्या भाषेत लाभलेला हा मान त्यांना पाहावयास मिळाला नाही.

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला ‘नंबर’च्या क्रियापदाचा नियम आजही पाठच करावा लागतो. तेथे त्याची चूक झाली, तर ती केवळ अज्ञानामुळे होते असे समजणे अन्यायाचे ठरेल. पदार्थाच्या नामाकडे पाहून क्रियापद योजण्याची स्वभाषेतील शिस्त त्याच्या ठायी मुरलेली असते. ती शिस्त ओळखून मग परभाषेचा नियम सांगणे, हे अध्यापनाचे योग्य सूत्र होय. आणि परभाषेचा साचा स्वीकारतानाही स्वभाषेचा अन्वय मोडू न देणे, हे जबलपूरच्या त्या व्याकरणाचे स्थायी महत्त्व होय.