अचलपूरची वाट

परदेशीं राहणारे आपले लोक सकाळच्या गाडीनें लंडनहून निघतात, कँटरबरी किंवा ऑक्सफर्ड पाहून रात्रीं परत येतात व त्याचीं वर्णनें मोठ्या प्रेमानें लिहितात. पेढीकांठच्या वलगांवकरांस तसल्या शहरासाठीं समुद्र ओलांडावयास नको. उत्तरेस अचलपूर आहे.

देवगिरीवर चालून जातांना १२९६ त अल्लाउद्दीन खिलजी याच नगरावरून गेला. १४९० त बहामनी सत्तेपासून फुटून येथें वऱ्हाडची स्वतंत्र गादी स्थापणारा फत्तेउल्ला इमादुल्मुल्क हा मूळचा विजयनगरकडील हिंदु, असें फेरिस्ता सांगतो. १५७४ त निजामशाहीनें ती गादी बुडविली. १५ डिसेंबर १८०३ रोजीं आर्थर वेलस्लीच्या फौजेनें जवळचा गाविलगड घेतला आणि दोनच दिवसांनीं नागपूरकर भोसल्यांस देवगांवचा तह करावा लागला.

परंतु अचलपूरचें वैभव केवळ तोफांनीं गेलें नाहीं. रुळांचाही त्यांत हात आहे, असें आम्हांस वाटतें. मुंबईकडील लोहमार्ग १८६७ त नागपुरास पोंचला, तो अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा कापसाच्या काळ्या जमिनींतून. अमरावतीचा बाजार आधींच वाढता होता. त्यास बडनेऱ्याहून फांटा मिळाला. राजधानी मात्र बाजूस राहिली, आणि १९०५ त तिचा स्वतंत्र जिल्हाही अमरावतींत विलीन झाला.

अचलपुरास गाडी आली ती त्यानंतर, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत: मूर्तिजापुराहून ७६ किलोमीटरांचा अरुंद मार्ग. पुढें लोकांनीं तिला 'शकुंतला' म्हटलें. वलगांवकरांस ती कधींच सोयीची नव्हती. सरळ सडक सोडून आधीं नैर्ऋत्येस मूर्तिजापूर गांठावें, मग पुन्हां उत्तरेस वळावें! ही अडचणच बोलकी आहे. गाडी मुख्यतः कापसासाठीं होती, यात्रेकरूंसाठीं नव्हे.

आज तीही बंद आहे. आपल्याकडे तट आणि दरवाजे यांस इतिहास म्हणतात, रुळांस भंगार. हा भेद आम्हांस मान्य नाहीं. राजधानी कशी उभी राहिली हें दगड सांगतील. ती मागें कां पडली, हें विचारावयाचें झाल्यास त्या अरुंद वाटेकडेच जावें लागेल. ती मोडून विकली गेली, तर अर्धी साक्ष गेली असेंच म्हणावें लागेल.