डिहायड्रेटर घेण्यापूर्वी : वाळवलेल्या अन्नाचा थोडा इतिहास

घरच्या घरी पौष्टिक खाऊ करण्यासाठी डिहायड्रेटर घ्यावा का, आणि घ्यायचा तर कोणता, असं हल्ली बरेच जण विचारतात. पाकिटातले वेफर्स आणि बाहेरचं तळलेलं बंद करून सफरचंदाच्या, चिकूच्या, बिटाच्या वाळवलेल्या चकत्या डब्यात द्याव्यात, हा त्यामागचा विचार. विचार चांगलाच आहे. यंत्रही साधं आहे : हवा तापवणारी तार, ती हवा फिरवणारा पंखा आणि जाळीचे चार-सहा ट्रे. पण ‘वाळवलं की टिकलं आणि टिकलं की सगळं जसंच्या तसं राहिलं’ असा एक समज या यंत्राबरोबर घरात येतो. तो समज यंत्राच्या कितीतरी आधीचा आहे आणि त्याने माणसं दगावलेली आहेत. म्हणून किती वॅट आणि किती ट्रे हे बघण्याआधी थोडं मागे जाऊ.

वाळवण आपल्याला नवीन नाही. चैत्र-वैशाखात विदर्भ-मराठवाड्यातल्या गच्च्यांवर कुरडया, सांडगे, मुगवड्या, ताक-मिठातल्या सांडगी मिरच्या पसरलेल्या असतात. हवा कोरडी आणि ऊन कडक, त्यामुळे दोन-तीन दिवसांत पदार्थ खणखणीत वाळतो. कोकणात मे महिन्यातही हवा दमट. तिथे लोकांनी वेगळी युक्ती केली : आमसुलं स्वतःच्याच आंबट रसात आणि मिठात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवायची, मासे मीठ लावून वाळवायचे, आंब्याच्या रसाचा पातळ थर पसरून पोळी करायची. आंबटपणा, मीठ आणि साखर ऊन कमी पडलं तरी सांभाळून घेतात.

हे असं का होतं, याचा नीट उलगडा विसाव्या शतकाच्या मध्यावर झाला. ऑस्ट्रेलियातले शास्त्रज्ञ विल्यम जेम्स स्कॉट यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिलं, की जंतू वाढतील की नाही हे पदार्थात एकूण पाणी किती आहे यापेक्षा त्यातलं किती पाणी जंतूंना वापरता येतं यावर ठरतं. याला ‘वॉटर ॲक्टिव्हिटी’ म्हणतात. शुद्ध पाण्याची १, ताज्या फळांची जवळजवळ तेवढीच. ती ०.९ च्या खाली गेली की बहुतेक जिवाणूंची वाढ थांबते. अन्नातून विषबाधा करणारा स्टॅफिलोकॉकस मात्र चिवट, तो ०.८६ पर्यंत तग धरून वाढतो. बुरशी त्याहून चिवट. ०.६ च्या खाली मात्र कोणीच वाढत नाही. साखर आणि मीठ पाण्याला धरून ठेवतात, म्हणून बेदाण्यात साधारण १५ टक्के पाणी असूनही तो टिकतो. शेंगदाण्यात तेवढाच ओलावा राहिला तर त्याला बुरशी लागते. हा शेंगदाणा लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

आधी वाळवताना काय हरवतं ते पाहू. अठराव्या शतकात, १७२० च्या सुमारास, ऑस्ट्रियाचं सैन्य हंगेरीत होतं आणि सैनिकांमध्ये स्कर्व्ही पसरली होती. हिरड्या सुजून रक्त येणं, जुन्या जखमा उघडणं, पाय काळेनिळे पडणं आणि शेवटी मृत्यू. क जीवनसत्त्वाच्या अभावाने हे होतं हे आज कुठलाही वैद्यकीय विद्यार्थी सांगेल, पण तेव्हा जीवनसत्त्व ही कल्पनाच नव्हती. क्रामर नावाच्या सैन्याच्या वैद्याने व्हिएन्नाच्या वैद्यमंडळाकडे मदत मागितली. मंडळाने स्कर्व्हीवर गुणकारी मानल्या जाणाऱ्या वनस्पती भरपूर पाठवल्या, पण वाळवून. त्यांचा काडीचाही उपयोग झाला नाही आणि हजारो सैनिक मेले. वनस्पती योग्य होत्या आणि हेतूही योग्य होता. वाळवण्यात आणि साठवणीत त्यातलं नेमकं हवं तेच गेलं होतं.

जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलाच्या डॉक्टरने १७४७ मध्ये बारा खलाशांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. संत्री आणि लिंबं मिळालेले दोघे झपाट्याने सुधारले. त्याच लिंडने १७५३ च्या आपल्या ग्रंथात क्रामरची ही हकिगत दिली आहे आणि वाळलेल्या वनस्पतीत गेलेला गुण ती पुन्हा भिजवून परत येत नाही, असं बजावलं आहे.

एवढं छापून आल्यावर तरी लोक शहाणे होतील असं वाटेल. पण शंभर वर्षांनी फ्रान्समध्ये मासाँ नावाच्या माणसाने भाज्या गरम हवेत वाळवून, प्रचंड दाबाखाली त्यांच्या वड्या पाडण्याची पद्धत काढली. लहानशा पेटीत एका पलटणीची भाजी मावते म्हटल्यावर सैन्यांनी ती उचलून धरली. क्रिमियाच्या युद्धात या वड्या होत्या, आणि १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेकडच्या सैन्याला स्कर्व्ही होऊ नये म्हणून त्या मुद्दाम दिल्या जात. वाळवलेल्या भाज्यांना इंग्रजीत ‘डेसिकेटेड’ म्हणतात. सैनिक त्यांना ‘डेसिक्रेटेड’ म्हणू लागले, म्हणजे विटंबना झालेल्या भाज्या. चव तशी होतीच, पण ज्यासाठी दिल्या त्या स्कर्व्हीलाही त्यांनी आळा घातला नाही. पोट भरलं, क जीवनसत्त्व मिळालं नाही.

क जीवनसत्त्व हवेतल्या ऑक्सिजनने, उष्णतेने आणि भाजीतल्याच एन्झाइम्समुळे नष्ट होतं. वाळवताना या तिन्ही गोष्टी एकत्र येतात आणि बरणीत ठेवल्यावरही ऱ्हास चालूच राहतो. तंतुमय भाग, लोह, पोटॅशियम यांना मात्र धक्का लागत नाही. म्हणून वाळवलेलं फळ निकस आहे असं मी म्हणणार नाही, पण ते ताज्या फळाची जागा घेत नाही. काही जाहिरातींत कमी तापमानावर वाळवल्याने ‘एन्झाइम जिवंत राहतात’ असं सांगतात. ही एन्झाइम्स पोटात गेल्यावर इतर प्रथिनांसारखीच पचतात, आणि बरणीत असताना त्यांतलीच काही तुमचं जीवनसत्त्व खात बसतात. भाज्या वाळवण्यापूर्वी दोन-तीन मिनिटं वाफवण्याची पद्धत आहे ती या एन्झाइम्सना थांबवण्यासाठीच.

या सगळ्याला एक अपवाद आहे आणि तो आपल्या घरातला आहे. १९४० च्या सुमारास हिसारच्या दुष्काळी भागात स्कर्व्ही झालेल्या लोकांना आवळा दिला आणि त्याचा चांगला गुण आला, अशी नोंद आहे. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्यासाठीही वाळवलेल्या आवळ्याचा वापर झाला. आवळ्यात मुळात क जीवनसत्त्व इतकं असतं, की वाळवताना बरंच गेलं तरी उरलेलं कामाला येतं. तो आंबट असल्याने ऱ्हासही मंद होतो. तेव्हा डिहायड्रेटर घेतलाच, तर पहिला घाणा मिठातल्या आवळ्याचा काढा.

आता शेंगदाण्याकडे. क जीवनसत्त्व गेलं तर फार तर फायदा कमी होतो. अन्न नीट वाळलं नाही तर होणारं नुकसान वेगळ्याच जातीचं असतं. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये टर्की पक्ष्यांची एक लाखाहून जास्त पिल्लं काही महिन्यांत मेली. कारण सापडेना म्हणून रोगाला ‘टर्की एक्स’ असं नाव दिलं गेलं. शेवटी त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीत ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीचं विष सापडलं. तेच अफ्लाटॉक्सिन. ते यकृतावर घाला घालतं आणि थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो.

माणसांवर त्याचा घाला किती भयंकर असतो ते आपल्या शेजारीच दिसलं. १९७४ च्या अखेरीस राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातमधल्या पंचमहाल जिल्ह्यांतल्या आदिवासी खेड्यांत कावीळ आणि पोटात पाणी होण्याची साथ आली. घरातल्या माणसांबरोबर पाळलेली कुत्रीही मरत होती. सुरुवातीला साथीची कावीळ वाटली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या संशोधकांनी शोध घेतला तेव्हा आढळलं, की मका तयार होताना अवकाळी पाऊस झाला होता, कणसं ओलसर राहिली, तशीच साठवली गेली आणि त्यांवर बुरशी धरली. घरात दुसरं धान्य नव्हतं, म्हणून तोच मका लोकांनी खाल्ला. ३९७ जण आजारी पडले, त्यांतले १०६ दगावले.

अफ्लाटॉक्सिन शिजवून, भाजून किंवा पुन्हा उन्हात घालून पुरेसं जात नाही. बुरशी पुसता येते, विष राहतं. पावसाळ्यात बुरशी आलेले शेंगदाणे, सुकं खोबरं किंवा मिरच्या डिहायड्रेटरमध्ये घालून ‘वाचवायचा’ प्रयत्न अजिबात करू नका. फेकून द्या. यंत्र बुरशी येऊ नये म्हणून आहे, आलेली काढण्यासाठी नाही.

आणि इथेच यंत्राची खरी जमेची बाजू आहे. मुंबईत जुलैमध्ये हवा ३० अंश सेल्सियस आणि आर्द्रता ८० टक्के आहे असं समजा. तीच हवा ६० अंशांपर्यंत तापवली, की तिची आर्द्रता १७ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे भर पावसाळ्यात तुमच्या ओट्यावर नागपूरचा मे महिना. बुरशीला लागतो तेवढा वेळच मिळत नाही. अकोल्यात मोठी गच्ची असलेल्यांना मात्र उन्हाळ्यापुरता तरी मी हा खर्च सुचवणार नाही.

युद्धांसाठी वाढलेला हा उद्योग घराघरांत यायला मात्र वेळ लागला. छोटे विजेचे डिहायड्रेटर अमेरिकेत १९७० च्या दशकात आले आणि १९९० च्या दशकात रॉन पोपीलच्या टीव्हीवरच्या लांबलचक जाहिरातींनी घरोघरी पोहोचले. फळांबरोबर तिथले लोक त्यात मांसाच्या पट्ट्याही वाळवत. १९९५ मध्ये ओरेगन राज्यात अशा घरी वाळवलेल्या हरणाच्या मांसातून ११ जणांना ई. कोलाय ओ१५७ चा संसर्ग झाला. हा जिवाणू रक्ताचे जुलाब घडवतो आणि लहान मुलांची मूत्रपिंडंही बंद पाडू शकतो. मांस वाळवलं होतं, पण ६० अंशांहून कमी तापमानावर. ट्रेवरच्या ओल्या मांसातून पाणी उडत असताना मांस थंड राहतं, माठातलं पाणी थंड राहतं तसंच. आणि ते कोरडं होऊन तापेपर्यंत आतले जिवाणू कोरडेपणाला आणि उष्णतेला सरावलेले असतात. त्यांची वाढ थांबते, पण ते मरत नाहीत. म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला असा, की मांस आधी ७१ अंशांपर्यंत आणि कोंबडी ७४ अंशांपर्यंत आतून शिजवावी, मग वाळवावी.

यावरून निवड सोपी होते. ज्या यंत्राला तापमान ठरवण्याची सोय नाही, नुसतं चालू-बंद बटण आहे, ते स्वस्त असलं तरी घेऊ नका. ३५ ते ७० अंशांपर्यंत बदलता येणारं तापमान हवं : पुदिना-कढीपत्त्याला ३५ ते ४०, फळं-भाज्यांना ५५ ते ६०. पंखा हवाच, नुसती तापलेली तार असलेलं यंत्र म्हणजे कोंदट पेटी. पंखा मागच्या बाजूला असेल तर सगळ्या ट्रेंवर हवा सारखी फिरते. तो खाली असलेल्या गोल यंत्रांत ट्रे अधूनमधून वरखाली करावे लागतात, पण तेवढी तोशीस चालणार असेल तर तेही वाईट नाही. टायमर सोयीचा, अत्यावश्यक नाही. घाईने तापमान वाढवू नका, चकती वरून कडक होते आणि आत ओलावा कोंडला जातो. वाळलेले तुकडे गार झाल्यावर काचेच्या बरणीत भरून आठवडाभर रोज हलवून बघा. काचेवर आतून दव दिसलं तर लगेच पुन्हा ट्रेवर.

बाजारातल्या पिवळ्याधमक बेदाण्याचा आणि जर्दाळूचा रंग बहुतेकदा गंधकाच्या धुरीने किंवा सल्फाइटने टिकवलेला असतो. दमा असलेल्या काहींना त्याने जोराचा झटका येतो, आणि याच कारणाने अमेरिकेत १९८६ मध्ये कच्च्या खायच्या ताज्या फळभाज्यांवर सल्फाइट वापरायला बंदी झाली. घरी वाळवलेलं सफरचंद तपकिरी पडेल, लिंबाच्या पाण्यात बुडवलंत तर थोडं कमी. तो रंग मुलांना चालवून घ्यायला शिकवा.

मधुमेह असेल तर एवढं ध्यानात घ्या : एक किलो बेदाण्याला साधारण चार किलो द्राक्षं लागतात, पाणी गेलं पण साखर सगळी तिथेच आहे. ताजी द्राक्षं घोसभर खाल्ल्यावर पोट भरल्यासारखं वाटतं, तेवढेच बेदाणे मुठीत मावतात. हाच हिशेब पानांनाही लागू आहे. शेवग्याच्या किंवा पालकाच्या वाळवलेल्या पावडरीत के जीवनसत्त्व एकवटलेलं असतं, त्यामुळे रक्त पातळ होण्यासाठी वॉरफेरिन घेणाऱ्यांनी ती अचानक सुरू किंवा बंद करू नये. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी टोमॅटोची पावडर, जर्दाळू, केळ्याच्या चकत्या यांतल्या पोटॅशियमबद्दल आपल्या डॉक्टरांशी आधी बोलावं, आणि मग ट्रे लावावेत.