कूलंटची गळती : पाणी ओतणे म्हणजे दुरुस्ती नव्हे

एप्रिल-मेच्या टळटळीत दुपारी अंधेरी ते बोरिवली वा घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात महामार्गावरील वाहने मुंगीच्या पावलांनी सरकत असतात. अशा वेळी कडेला बॉनेट उघडून उभी असलेली एखादी मोटार दृष्टीस पडते. आतून वाफ येत असते आणि चालक हातात पाण्याची बाटली घेऊन झाकण उघडण्याच्या बेतात असतो. या एका दृश्यात दोन चुका दडलेल्या आहेत. तापलेले झाकण उघडणे ही पहिली. ती हात-तोंड भाजून काढू शकते. पाणी ओतून पुढे निघणे आणि गळतीचा शोध न घेणे ही दुसरी. ती इंजिनाच्या मुळावर येते.

पाणी आटत नाही, ते कुठेतरी जाते

इंधनाच्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण एक तृतीयांश उष्णता कूलंटला वाहून न्यावी लागते. वॉटर पंप हा द्रव इंजिनात फिरवतो, थर्मोस्टॅट ठराविक तापमानाला वाट मोकळी करतो आणि रेडिएटरमध्ये वारा व पंखा मिळून त्याला थंड करतात. ही यंत्रणा बंदिस्त आणि दाबाखाली असते. त्यामुळे सुस्थितीतील मोटारीत कूलंटची पातळी महिनोन्महिने जवळपास स्थिर राहते. दर आठवड्याला पाणी घालावे लागत असेल, तर ‘गाडी पाणी खाते’ असे म्हणून भागत नाही. गळती आहे, हाच त्याचा अर्थ.

रोज सकाळी झाकण उघडून पाणी पाहण्याची सवय मुंबईकरांना जुन्या गाड्यांनी लावली. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी हे त्याचे परिचित उदाहरण. तिचा पंखा पट्ट्याने इंजिनाला जोडलेला असे. त्यामुळे वाहतूक कोंडीत इंजिन मंद झाले की पंखाही मंदावत असे. त्या काळातील तांब्या-पितळेचे रेडिएटर डाग देऊन पुन्हा वापरता येत. ऑक्टोबर २०२३ अखेर पद्मिनी मुंबईच्या टॅक्सीसेवेतून निवृत्त झाली. सवय मात्र मागे राहिली. आजच्या गाड्यांत ॲल्युमिनियमचे रेडिएटर आणि त्यांना प्लॅस्टिकच्या टाक्या असतात. त्यांच्या बाबतीत ही सवय उपयोगाची नाही.

बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला?

मुंबईत पाणी गोठत नाही, म्हणून साधे पाणी पुरेसे आहे, हा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉल गोठणबिंदू खाली आणते, तसाच उत्कलनबिंदू वर नेते. निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल असे मिश्रण उघड्या भांड्यात सुमारे १०७ अंश सेल्सिअसला उकळते. दाबाचे झाकण लावल्यावर ही मर्यादा १२५ अंशांच्या पुढे जाते. शिवाय त्यातील गंजरोधक रसायने धातूचे रक्षण करतात. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्यातील क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात. म्हणून मिश्रणासाठी डीमिनरलाइज्ड किंवा डिस्टिल्ड पाणीच घ्यावे. कूलंटचा रंग हा दर्जाचा निकष नाही. कोणते कूलंट वापरावे, हे वाहनाच्या पुस्तिकेवरूनच ठरवावे.

डबके कशाचे?

सोसायटीच्या वाहनतळावर गाडीखाली ओल दिसली की घाबरण्यापूर्वी ती पारखावी. रंगहीन, वास नसलेले पाणी बहुधा एसीचे असते. काळा किंवा तपकिरी तेलकट डाग इंजिन ऑइलचा. कूलंट मात्र हिरवे, गुलाबी, लाल वा निळे असते, बोटाला किंचित चिकट लागते आणि त्याला गोडसर वास येतो. ते चाखून पाहू नये. ते विषारी आहे. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर गळती लपते. त्यासाठी रात्री कोरड्या जागी गाडीखाली पुठ्ठा पसरावा. सकाळी डाग ज्या जागी दिसेल, त्यावरून शोधाची दिशा ठरते.

शोधाचा क्रम

इंजिन पूर्ण थंड असताना टाकीवरील ‘मिनिमम’ आणि ‘मॅक्सिमम’ या खुणांच्या संदर्भात पातळी पाहावी, तेथे पेनाने रेघ मारावी आणि आठवडाभर तुलना करावी. त्यानंतर पुढील जागा क्रमाने तपासाव्यात :

* रबरी होज आणि क्लिपा : चिरा, फुगवटा, सैल क्लिप, तळमजल्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदरांनी कुरतडल्याच्या खुणाही.
* रेडिएटर : प्लॅस्टिकची टाकी आणि ॲल्युमिनियमची जाळी यांचा सांधा. वाळलेल्या कूलंटचा पांढरट वा रंगीत थर हा गळतीचा पुरावा होय.
* वॉटर पंप : आतले सील झिजले की पंपाच्या खालच्या छिद्रातून थेंब पडतात.
* झाकण : रबर कडक झाले किंवा स्प्रिंग सैल झाली की दाब टिकत नाही.
* हीटर : मुंबईत तो क्वचितच वापरला जातो, म्हणून त्याची गळती उशिरा कळते. डॅशबोर्डखालचा गालिचा ओला होणे, आतून काचांवर चिकट धुके धरणे, ही त्याची लक्षणे.

डोळ्यांना काही दिसले नाही, तर गॅरेजमध्ये प्रेशर टेस्ट करून घ्यावी. थंड इंजिनावर हातपंप जोडून झाकणावर छापलेल्या दाबाइतकी हवा भरतात आणि काही मिनिटे काटा पाहतात. काटा उतरला की गळती आहेच. बहुधा थेंबही दिसू लागतो.

बाहेर थेंब नाही, तरी पातळी उतरते

ही सर्वांत महागडी शक्यता. सिलिंडर हेड आणि ब्लॉक यांच्यामधील गॅस्केट फुटले, की कूलंट थेट सिलिंडरमध्ये किंवा ऑइलमध्ये जाते. सायलेन्सरमधून सतत गोडसर वासाचा पांढरा धूर, ऑइलला दुधाळ रंग, टाकीत अखंड बुडबुडे ही त्याची चिन्हे. टाकीतील हवा एका निळ्या रसायनातून नेली असता ते पिवळे पडले, तर ज्वलनाचे वायू कूलंटमध्ये शिरत आहेत, हे सिद्ध होते. मग हेड उतरवून ते वाकले आहे का ते पाहणे, गरज असल्यास फेसिंग करणे आणि नवे गॅस्केट बसवणे भाग पडते.

दुरुस्ती कोणती, तात्पुरती कोणती?

होज, क्लिप आणि झाकण बदलणे हे काम किरकोळ खर्चात होते. गळका वॉटर पंप बदलावाच लागतो. काही इंजिनांत तो टायमिंग बेल्टवर चालतो, तेथे बेल्टही त्याच वेळी बदलणे शहाणपणाचे. प्लॅस्टिकची टाकी तडकलेल्या रेडिएटरला चिकटपट्टी वा डिंक लावणे टिकत नाही. कुर्ल्याच्या सीएसटी मार्गावर जुने सुटे भाग मिळतात, परंतु वापरलेला रेडिएटर प्रेशर टेस्टशिवाय घेऊ नये. गळती बंद करणारी पूड गॅरेजपर्यंत पोहोचवू शकते. मात्र ती हीटरच्या बारीक नळ्याही बुजवू शकते. प्रत्येक दुरुस्तीनंतर यंत्रणेतील हवा काढणे आवश्यक असते, अन्यथा नवे भाग घालूनही गाडी तापते.

रस्त्यात गाडी तापली तर

शहरात निभावून जाणारी बारीक गळती बोरघाटात किंवा कसाऱ्याच्या चढावर उघडी पडते. तापमानाचा काटा चढू लागला किंवा लाल दिवा लागला, की एसी बंद करावा, हीटर पूर्ण उष्णतेवर सुरू करावा आणि सुरक्षित जागी डावीकडे थांबून इंजिन बंद करावे. कूलंट पूर्ण संपले असेल, तर सेन्सर कोरडा पडून काटा खोटी नोंदही दाखवू शकतो. म्हणून वाफ दिसली की काट्यावर विसंबू नये. किमान अर्धा तास, वरचा होज हाताला थंड लागेपर्यंत, झाकणाला हात लावू नये. त्यानंतर जाड फडके ठेवून झाकण सावकाश सैल करावे. गरम इंजिनावर थंड पाणी ओतू नये. धातू तडकू शकतो. घातलेले पाणी लगेच वाहून जात असेल, तर टोइंग व्हॅन बोलवावी. तिचे भाडे इंजिनाच्या दुरुस्तीपेक्षा स्वस्तच पडते.

जमिनीवर सांडलेल्या कूलंटकडेही दुर्लक्ष नको. गोड चवीमुळे कुत्री-मांजरे ते चाटतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊन दगावतात. लहान मुलांनाही तोच धोका आहे. कोणाच्या पोटात गेल्यास लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. सांडलेले कूलंट वाळू वा माती टाकून टिपून घ्यावे. काढलेले कूलंट गटारात न ओतता बंद डब्यात भरून गॅरेजकडे द्यावे, कारण उपनगरांतील पावसाळी गटारांचे पाणी पुढे नदी-नाल्यांतून खाडीला आणि समुद्राला मिळते.

या साऱ्याची सुरुवात मात्र साधी आहे : आठवड्यातून एकदा, सकाळी, इंजिन सुरू करण्यापूर्वी टाकीकडे एक नजर. रेघेखाली उतरलेली पातळी महामार्गावरच्या वाफेआधी कित्येक दिवस इशारा देत असते.