छायाचित्र-निवडीच्या नोंदींचे संस्करण-प्रणालीत स्थलांतर

छायाचित्रांच्या मोठ्या संचातून ग्राह्य चित्रे वेगळी काढताना त्यांवर उमटविलेल्या खुणा, म्हणजे तारे, रंग आणि स्वीकार-नकाराचे ध्वज, या निवडीच्या प्रणालीतून संस्करणाच्या प्रणालीत शाबूत पोचविण्याची क्रिया. फिल्मच्या काळी कॉन्टॅक्ट शीटवर मेणाच्या पेन्सिलीने केलेली खूण त्या शीटबरोबरच डार्करूममध्ये जात असल्यामुळे असा प्रश्न सहसा उद्भवत नसे.

इंदापूर तालुक्यात हा प्रश्न नित्याचा आहे. कडबनवाडीच्या माळावर चिंकारा आणि भिगवणनजीक उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी टिपण्यास दूरदूरचे छायाचित्रकार येतात. आणि पक्ष्याच्या एकाच झेपेची वीस-वीस चित्रे घेण्याचा शिरस्ता पडल्यामुळे, ती सर्व लाइटरूम, कॅप्चर वन किंवा विनामूल्य डार्कटेबल या संस्करण-प्रणालींत चढविण्यापूर्वी फोटो मेकॅनिकसारख्या शीघ्र प्रणालीत त्यांची छाननी करून घेणे अनेकांना सोयीचे वाटते.

खूण पुढे जाईल की नाही, हे ती कोठे लिहिली गेली यावर अवलंबून असते. सावकाराच्या खासगी चोपडीतील नोंद जशी सरकारदप्तरी चालत नाही, तशीच केवळ प्रणालीच्या अंतर्गत सूचीत राहिलेली खूण दुसऱ्या प्रणालीस दिसत नाही. यावर तोडगा म्हणून अडोबी कंपनीने 2001 मध्ये एक्सएमपी ही नोंदपद्धती प्रचारात आणली व 2012 मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा लाभला. जेपेग आणि डीएनजी चित्रांत ही नोंद सहसा फाइलीतच लिहिली जाते. कॅमेऱ्याच्या मूळ रॉ फाइलीस मात्र बहुधा हात न लावता, तिच्या शेजारी त्याच नावाची एक्सएमपी फाइल ठेवली जाते. डार्कटेबल या जोडफाइलीच्या नावात रॉ फाइलीचे विस्तारनामही राखते, अडोबीच्या प्रणाली ते गाळतात. अनेक तंट्यांचे मूळ एवढ्याशा भेदात असते.

तिन्ही खुणांत तारे सर्वांत विश्वासार्ह, कारण ते शून्य ते पाच अशा साध्या अंकांनी नोंदले जातात. रंगाचे तसे नाही: त्याची नोंद रंगाने नव्हे, नावाने होते, आणि दोन प्रणालींत त्याच लाल रंगास निरनिराळी नावे दिलेली असल्यास लाइटरूम लालऐवजी पांढरी खूण दाखवते, सबब दोन्हीकडील नावे अक्षरशः सारखी करून घ्यावी लागतात. ध्वजांवर भिस्त ठेवणे तर शहाणपणाचे नव्हेच, कारण लाइटरूममध्ये ते कित्येक वर्षे केवळ अंतर्गत सूचीतच राहत असत.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी छाननी पूर्ण करावी, मग चित्रे चढवावीत. चित्रे आधीच चढविली असल्यास फाइलीतून नोंदी पुन्हा वाचण्याची आज्ञा देण्याची मुभा आहे; परंतु तत्पूर्वी संस्करण झालेले असेल, तर तेही फाइलीतील जुन्या मजकुराखाली पुसले जाण्याचा संभव असतो, ही गोष्ट नवशिक्यांस फार उशिरा कळते. कॅप्चर वनमध्ये जोडफाइली वाचण्याची तजवीज पसंतींच्या सूचीतून मुद्दाम चालू करावी लागते.

रुजवातीचा सोपा उपाय असा: दोन्ही प्रणालींत पाच ताऱ्यांची चित्रे वेगळी काढून त्यांची संख्या ताडून पाहावी, आणि ती जुळल्यावाचून संस्करणास हात घालू नये.