माडी, राखण आणि मिस्सा

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर माडाची पोय, म्हणजे न उमललेला फुलोरा, बांधून व टोकाशी कापून जो रस काढला जातो, तो ताजा असताना नीरा आणि आंबल्यावर माडी होतो. हे काम जिल्ह्यात मुख्यतः भंडारी समाजाने केले, तर शेजारच्या गोव्यात तेच काम करणारे रेंदेर ख्रिस्ती होते. त्यामुळे माडी आणि ख्रिस्ती धर्म यांचे मुळातच वैर होते, असे म्हणता येत नाही.

पेच होता तो अर्पणाचा. १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात मोडणाऱ्या मालवण-वेंगुर्ल्याच्या टापूत गावाची वेस व शेत सांभाळणाऱ्या राखणदाराला, म्हणजे अदृश्य रक्षकाला, कोंबडा आणि मद्य देण्याचा राखण नावाचा विधी रूढ आहे, आणि प्रभूच्या व भुतांच्या अशा दोन्ही प्याल्यांत भागीदार होता येत नाही, हे करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील पौलाचे बजावणे नेमके अशाच अर्पणाला लागू पडते. गोव्यातील इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मन्यायालयाने, १७३६ च्या जाहीरनाम्यात लग्नकार्यातील विडा आणि फुले देण्यासारख्या चालींवरही बंदी घातली. मात्र या न्यायालयाची सत्ता गोव्याच्या सरहद्दीपाशी संपत होती, आणि १८१२ मध्ये इंग्रजांकडे गेलेल्या वेंगुर्ल्यात पाद्रींच्या हाती उपदेशाखेरीज फारसे काही नव्हते.

चर्चचे स्वतःचे विधिपेय मात्र परकेच राहिले. मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासनेतील पवित्र यज्ञ, गव्हाची भाकर आणि द्राक्षरसाचे मद्य यांनीच व्हावी, हे १४३९ मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेने स्पष्ट केले होते. म्हणून गोव्याच्या भट्ट्यांत माडीने फुगवलेला पाव घरोघरी खाल्ला गेला, पण वेदीवर बिनखमिराची भाकरच चढली, आणि अंगणातल्या झाडाच्या रसाला प्याल्यात जागा मिळाली नाही. कोकणी ख्रिस्ती श्रद्धाळूला आपल्या भूमीचा रस मिस्सेच्या प्याल्यात अर्पण करता येऊ नये, ही या इतिहासातील खरी वेदना आहे.

पुढे राज्यसत्तेनेही माडी आणि चर्चचे द्राक्षमद्य यांतला हाच भेद पक्का केला. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने झाडावरील कराचा बोजा भंडाऱ्यांवर पडला. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने माडीची गणना मद्यात केली, नीरेची वेगळी व्याख्या केली आणि धार्मिक संस्कारासाठी लागणाऱ्या मद्याला परवानगी देण्याची स्वतंत्र तरतूद ठेवली. या तरतुदीने मिस्सेच्या द्राक्षमद्याला संरक्षण मिळाले. राखणीच्या मद्याला मात्र ते लाभले नाही.